मोगऱ्याचा हिवाळा : थंड मुलुखातील एक व्यापार

कापडाच्या धंद्यात ज्याला आपण मोसम म्हणतो तो वर्षातून काही महिनेच असतो. ईद, दिवाळी आणि लग्नसराई यांवर बाजार चालतो. उरलेल्या दिवसांत दुकान उघडायचे, थाने झटकून पुन्हा रचायची आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. मोसमात माल कोणीही विकतो. बिगरमोसमात जो आपले भांडवल सांभाळतो तोच पुढच्या मोसमात उभा राहतो, असे आम्ही नव्याने धंद्यात उतरणाऱ्या तरुणांना नेहमी सांगत असतो. परंतु सांगून ही गोष्ट पटत नाही. म्हणून या वेळी आम्ही कापड बाजूला ठेवून मोगऱ्याविषयी लिहीत आहोत.

मोगरा आपल्याकडे अंगणात, गच्चीत, मशिदीच्या हौदाशेजारी कुठेही वाढतो. त्याच्यासाठी कोणी वेगळी खोली बांधत नाही. मात्र हीच वेल युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत गेली की वर्षाचे पाच-सहा महिने तिला घराच्या आत काढावे लागतात. बर्फाची एक रात्र उघड्यावर गेली तरी ती मरते. ही वेल हिवाळ्यात जगवायची कशी, याची तिकडे एक पूर्ण विद्या आहे आणि त्या विद्येवर चालणारा व्यापारही आहे. आपल्या व्यापारी बांधवांनी त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

गोव्याहून टस्कनीला

शास्त्रज्ञ मोगऱ्याला 'जास्मिनम सॅम्बॅक' म्हणतात. उर्दू-फारसी शिकलेल्या वाचकांना यातले दोन्ही शब्द ओळखीचे वाटतील. पहिला 'यास्मीन' आणि दुसरा अरबी 'जंबक'. जुन्या अरबी ग्रंथांत जंबक म्हणजे या जातीच्या फुलांचे सुगंधी तेल. वेल हिंदुस्थानची, पण जगाने तिचे नाव अरब अत्तारांच्या तोंडून ऐकले. इंग्रजीत तर आजही तिला अरबी जास्मिन म्हणतात. ज्याच्या हाती तिजारत असते त्याच्या भाषेत मालाचे नाव रूढ होते, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या वेलीची दुप्पट-तिप्पट पाकळ्यांची, गोल कळ्यांची जी जात आपण बटमोगरा म्हणून ओळखतो, तिचे इंग्रजी नाव 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' असे आहे. टस्कनी हा इटलीचा प्रांत आणि फ्लॉरेन्स ही त्याची राजधानी. सतराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांच्या ताब्यातील गोव्याहून ही जात तिथल्या सुलतानाकडे, म्हणजे ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्याकडे पोहोचली. कोसिमोची कारकीर्द १६७० ते १७२३ अशी होती. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो येथे त्याच्या घराण्याची बाग आहे. तेथे या मोगऱ्यासाठी खास उबदार घर बांधले गेले. त्याचे नाव 'स्तुफा देई मुगेरिनी'. स्तुफा म्हणजे शेगडी किंवा ऊबघर आणि मुगेरिनो म्हणजे आपला मोगरा. गोव्यातला शब्द पोर्तुगिजांच्या जहाजातून इटलीत उतरला आणि तिथलाच झाला. या बागेसह मेदिची घराण्याच्या बागा व वाडे २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

या मोगऱ्याची एक दंतकथा टस्कनीत सांगतात. खरीखोटी अल्लाह जाणे. ड्यूकने आपल्या माळ्याला सक्त ताकीद दिली होती की या वेलीचे कलम तर सोडाच, एक फूलही बाहेर जाता कामा नये. माळी गरीब होता आणि त्याचे लग्न पैशाअभावी अडले होते. त्याने वाग्दत्त वधूला या वेलीची एक डहाळी दिली. मुलीने ती ओल्या मातीत लावली आणि डहाळी फुटली. पुढे त्या वेलीची कलमे विकून दोघांनी लग्नापुरता पैसा जमवला. तिकडे वधूने जास्मिनची फुले माळण्याच्या प्रथेचा संबंध याच गोष्टीशी जोडतात.

मालकाच्या परवानगीशिवाय माल बाहेर देणे हा अमानतीत खयानत करण्याचा प्रकार आहे आणि आम्ही त्याची तरफदारी करत नाही. मात्र या कथेतला एक मुद्दा ध्यानात घ्यावा. ड्यूककडे वाडा होता, ऊबघर होते, नोकर होते. त्या मुलीकडे एक कुंडी होती. वेल दोघांकडेही जगली, कारण वेलीला हिवाळ्यात लागणाऱ्या वस्तू फार थोड्या आहेत. त्या कोणत्या, ते पाहू.

थंडीत वेलीला काय होते?

लोक समजतात की अशा वेलीचा शत्रू फक्त थंडी आहे. तिचा दुसरा शत्रू म्हणजे अंधार. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत दिवस साधारण ११ तासांचा असतो, तर लंडनमध्ये आठ तासांपेक्षाही लहान. त्यातही भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो आणि लंडनमध्ये जेमतेम १५ अंश. ढग आणि खिडकीची काच त्यातून आणखी हिस्सा कापून घेतात. वेल आपले अन्न उजेडावर तयार करते. म्हणजे हिवाळ्यात तिची आवक अगदी थोडी असते.

आवक कमी असताना खर्च कमी करावा लागतो, हा नियम वेलीलाही लागू आहे. खोली गरम आणि उजेड कमी असेल तर वेलीला वाटते की वाढीचे दिवस आले. ती लांबलचक, फिकट, दुबळे फुटवे काढते आणि मुळांत व खोडात साठवलेला ऐवज त्यावर उडवून टाकते. मार्च येईपर्यंत तिची पुंजी संपलेली असते. म्हणून जाणकार माळी सांगतात की उजेड कमी तर ऊबही कमी. मोगऱ्याला साधारण १३ ते १६ अंश सेल्सिअसची थंडगार पण गोठत नाही अशी जागा आणि जमेल तितका उजेड दिला की तो मोसम येईपर्यंत स्वस्थ बसून राहतो.

हिवाळा काढण्याची रीत

परदेशात राहणाऱ्या आमच्या कोकणातील बांधवांच्या घरी मोगऱ्याची एखादी कुंडी असतेच. त्यांच्या उपयोगासाठी ही रीत क्रमाने देत आहोत.

पहिले काम वेळेवर आत घेण्याचे. रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरू लागले की कुंडी आत घ्यावी. हिम पडण्याची वाट पाहू नये. आत घेण्यापूर्वी पानांच्या दोन्ही बाजू पाण्याने धुवाव्यात आणि पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, लाल कोळी किंवा खवले कीड आहे का ते निरखून पाहावे. बाहेर पाऊस-वारा आणि दुसरे किडे या किडीला आवर घालतात. बंद कोरड्या खोलीत तिला मोकळे रान मिळते. कीड दिसली तर आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा साबणाच्या सौम्य पाण्याने किंवा निंबोळी तेलाने फवारावे आणि तोवर कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी.

दुसरे काम जागेचे. त्या मुलुखात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, म्हणून दक्षिणेची खिडकी उत्तम. मात्र खिडकीखालीच हीटर असेल तर ती जागा टाळावी. हीटरची कोरडी हवा पाने भाजून काढते आणि लाल कोळ्याला आमंत्रण देते. कुंडीखाली खडे भरलेले पसरट ताट ठेवून त्यात थोडे पाणी ठेवावे. पाणी खड्यांच्या पातळीखाली असावे, म्हणजे कुंडीचे बूड बुडत नाही आणि हवेत थोडा ओलावा राहतो.

तिसरे काम पाण्याचे. हिवाळ्यात थंडीपेक्षाही जास्त वेली मालकाच्या मायेने मरतात. रोज थोडे थोडे पाणी घातले जाते, वेल ते पीत नाही आणि मुळे कुजतात. बोट मातीत घालून पाहावे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली असेल तरच पाणी द्यावे. पाणी बर्फासारखे गार नसावे आणि ताटलीत साचलेले पाणी काढून टाकावे.

चौथे काम काही न करण्याचे. वेल आत आली की पहिल्या काही आठवड्यांत पाने पिवळी पडून गळतात. पाहणारा घाबरतो आणि खत घालतो. हे अजिबात करू नये. झोपलेली वेल खत उचलत नाही. क्षार मातीत साचतात आणि मुळांना जाळतात. वेल जिवंत आहे की नाही याची शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आतून हिरवी दिसली तर वेल जिवंत आहे. मग सब्र करावा.

पाचवे काम छाटणीचे. मोगऱ्याची फुले नव्या फुटव्यावर येतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवस मोठा होऊ लागला की, सुकलेल्या आणि दुबळ्या फांद्या काढून वेल आखूड करावी. नवे कोंब दिसले की पाणी हळूहळू वाढवावे आणि तेव्हाच हलके खत सुरू करावे.

शेवटचे काम बाहेर काढण्याचे, आणि इथे घाई नडते. जर्मनीत ११ ते १५ मे या दिवसांना 'बर्फाचे संत' असे नाव आहे. ते उलटेपर्यंत हिमाचा भरवसा नाही, असे तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. बाहेर काढतानाही वेल एकदम उन्हात ठेवू नये. आठ-दहा दिवस आधी सावलीत, मग कोवळ्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. नाहीतर खोलीत मऊ झालेली पाने एका दुपारीत करपतात.

आपल्याकडील 'ताण'

यातला महत्त्वाचा धडा आपल्या शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक आहे. त्याच्याकडे त्यासाठी 'ताण देणे' असा नेमका शब्दही आहे. विदर्भातला संत्रा बागायतदार आंबिया बहार धरण्यापूर्वी डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडतो. झाड पाने गाळते, थकल्यासारखे दिसते आणि पाणी मिळताच फुलांनी भरून येते. तमिळनाडूत मोगऱ्याची झुडपे नोव्हेंबरच्या अखेरीस जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर छाटतात. त्यानंतर येणाऱ्या फुलांवर मदुराईचा बाजार चालतो. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या पालघर जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार भागातील आदिवासी शेतकरी मोगऱ्याचे पीक घेतात आणि त्यांची फुले दादरच्या बाजारात येतात. या सर्वांना माहीत आहे की बारा महिने फुले मागणारा माणूस शेवटी झाड गमावतो. युरोपातल्या माळ्याला थंडीने जे शिकवले ते आपल्या शेतकऱ्याला त्याच्या बागेने शिकवले.

ऊब विकणारे व्यापारी

आता व्यापाराकडे येऊ. ऊब पैशाने मिळते, आणि जिथे पैसा लागतो तिथे हिशेब आला. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात संत्र्याच्या झाडांसाठी हिवाळी घर बांधले गेले. हजारावर झाडे लाकडी पेट्यांत लावलेली. ऑक्टोबरात ती आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. आजही हा क्रम चालू आहे. या घरात शेगडी नाही. जाड भिंती, दुहेरी काचा आणि दक्षिणेकडे तोंड, एवढ्यावर आतले तापमान गोठणबिंदूच्या वर राहते. राजाकडे जाळायला लाकूड कमी होते असे नाही. पण बांधणाऱ्याने आधी गळती थांबवली. खर्चाने तूट भरून काढण्यापेक्षा गळती बंद करणे स्वस्त पडते, हे वाक्य प्रत्येक पेढीवर लिहून ठेवण्यासारखे आहे.

इंग्लंडात काचेवरचा कर १८४५ साली उठला आणि काचघर अमीर-उमरावांच्या बागेतून मध्यम वर्गाच्या अंगणात आले. आज जर्मनीसारख्या देशांत घरे लहान आणि हौस मोठी अशी स्थिती असल्याने तिथल्या नर्सऱ्यांनी एक सरळ सेवा सुरू केली आहे. ऑक्टोबरच्या सुमारास गिऱ्हाइकाच्या घरून कुंडी न्यायची, आपल्या काचघरात हिवाळाभर सांभाळायची, कीड पाहायची, छाटणी करायची आणि मे महिन्यात परत पोहोचवायची. मोबदला कुंडीने किती जागा अडवली यावर ठरतो आणि ने-आणीचे भाडे वेगळे. काचघर हिवाळ्यात अर्धे रिकामेच असते. रिकाम्या जागेतून हलाल कमाई काढण्याची ही चांगली हिकमत आहे.

या व्यवहारात एक नाजूक प्रश्न येतो. सांभाळायला दिलेली वेल मेली तर नुकसान कोणाचे? माल दुसऱ्याचा आहे, म्हणजे ती अमानत आहे. पण सांभाळण्याची मजुरीही घेतली आहे. त्यामुळे आधीच लिहून घ्यावे लागते की वेल कोणत्या स्थितीत आली, तिच्यावर कीड होती काय, आणि कोणत्या निष्काळजीपणाची भरपाई मिळेल. आपल्याकडे रंगाईला, भरतकामाला किंवा शिलाईला दिलेल्या कापडाबाबत हेच वाद होतात, कारण आपण लिहून घेण्याला अविश्वास समजतो. वास्तविक लिहून ठेवल्यानेच संबंध टिकतात.

या व्यापाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थंड देशांत मांडेव्हिला नावाची दक्षिण अमेरिकेतील वेल उन्हाळ्यात फार खपते. बहुतेक गिऱ्हाइके ती एका मोसमापुरती घेतात, थंडीत मरू देतात आणि पुढच्या वर्षी नवी आणतात. वेल मरण्यातच दुकानदाराचा पुढचा धंदा असतो. तरीही जो दुकानदार हिवाळा कसा काढावा हे गिऱ्हाइकाला नीट समजावून सांगतो, त्याच्याकडे लोक कुंडी, माती, खत आणि सल्ल्यासाठी वर्षानुवर्षे येतात. गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर मिळालेल्या नफ्यात बरकत नसते.

ऊब विकत घेणाऱ्यांचा हिशेब कसा कोलमडतो तेही नुकतेच दिसले. हॉलंडची काचघरे मुख्यतः नैसर्गिक वायूवर तापतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर वायूचे भाव भडकले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये युरोपच्या बाजारात ते मेगावॅट-तासाला ३०० युरोच्या वर गेले. अनेक बागायतदारांनी तापमान उतरवले, लागवड उशिरा केली, काहींनी काचघरे रिकामी ठेवली. ज्यांचा सारा धंदा बाहेरून विकत आणलेल्या उबेवर होता त्यांना फटका मोठा बसला.

कायद्याची दोन कलमे

आमच्या तरुणांपैकी कोणी रोपांच्या व्यापारात उतरू पाहत असेल, किंवा परदेशातील नातलगांसाठी मोगऱ्याची डहाळी पेटीत टाकून नेणार असेल, तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाने आणलेल्या जवळजवळ सर्व जिवंत रोपांना व कलमांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतही लागवडीची रोपे नेताना ते लागते. आपल्याकडे हे प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाच्या यंत्रणेमार्फत मिळते. प्रमाणपत्राशिवाय नेलेले रोप विमानतळावर जप्त होते. शिवाय एका डहाळीवरची कीड एका देशाची बाग उजाड करू शकते. त्यापेक्षा तिथल्याच नर्सरीतून मोगरा विकत घेणे बरे.

दुसरी गोष्ट हक्काची. बटमोगऱ्यासारख्या जुन्या जातींवर आज कोणाची मालकी नाही. मात्र नव्याने काढलेल्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो. युरोपात तो बहुतेक जातींसाठी २५ वर्षे आहे. आपल्याकडे २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे झाडे व वेलींसाठी तो १८ वर्षे आहे. असे नोंदणीकृत वाण परवानगीशिवाय कलमे करून विकता येत नाही. ज्याने मेहनत केली त्याचा हक्क राखणे हे कायद्याचे आणि आपल्या दीनचेही सांगणे आहे.

मंदीत खत घालू नये

आता मूळ मुद्दा. बाजार थंड पडला की आमच्यातील अनेकांना हात बांधून बसणे जमत नाही. विक्री दिसावी म्हणून उधारीवर माल सोडला जातो. शेजाऱ्याने दुकान सजवले म्हणून आपणही सजवतो. आणि हे सर्व करण्यासाठी व्याजाचे कर्ज काढले जाते. व्याज हराम आहे हे प्रत्येक जण जाणतो, पण मंदीत 'मजबुरी' हा शब्द पुढे येतो. झोपलेल्या वेलीला घातलेले खत आणि मंदीत घेतलेले व्याजी कर्ज यांत फरक नाही. वेल ते पचवू शकत नाही आणि मुळे जळतात. मोसम येतो तेव्हा बाजारात गिऱ्हाईक असते, पण माल भरायला आपल्याकडे भांडवल नसते.

हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी सुकाळाच्या वर्षांतच दुष्काळाची तजवीज केली आणि धान्य कणसातच राखून ठेवायला सांगितले, हा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. वर्षाचा हिशेब त्याच रीतीने मांडला पाहिजे. ईदच्या आणि लग्नसराईच्या कमाईतून चार थंड महिन्यांचे भाडे, पगार आणि घरखर्च आधी बाजूला काढावा, मग उरलेले आपले समजावे. थंड महिन्यांत खर्चाच्या फांद्या छाटाव्यात, पण मुळाला हात लावू नये. जुना कारागीर, जुने गिऱ्हाईक, वेळेवर पैसे देण्याची साख आणि स्वच्छ हिशेबवही ही धंद्याची मुळे आहेत. ती शाबूत असली तर दुकानात गर्दी नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र चार महिने बसून राहणे म्हणजे झोपणे नव्हे. जुनी येणी वसूल करावीत, पडून राहिलेला माल मोजावा, मुलाला वही लिहायला शिकवावे. माळीही हिवाळ्यात कात्रीला धार लावतो.

अल्लाह तआला आमच्या बांधवांना मोसमात शुक्र आणि बिगरमोसमात सब्र देवो, आणि त्यांच्या हलाल रोजीत बरकत देवो.